तीन थर्मामीटर

वॉर्डात काहीही फुटलं की पैसे नव्या नर्सच्या पगारातून कापायचे, हा मोठ्या सिस्टरांचा कायदा. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! तिच्या पहिल्याच पगारातून तीन थर्मामीटर गेले, आणि त्यातला एकही तिने फोडला नव्हता.

"शिकायची फी समज," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण घरी आई पगाराकडे डोळे लावून बसलेली. तिने मोडतोडीच्या रजिस्टरमध्ये सही केली.

पुढच्या आठवड्यात सगळ्या पेशंटांसमोर मोठ्या सिस्टरांच्याच हातून औषधाची बाटली निसटली. काचांकडे न बघता त्यांनी सवयीने रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. "कर सही."

तिने मोठ्या सिस्टरांचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं आणि रजिस्टर परत सरकवलं.

"तुम्हीच करा. शिकायची फी समजा."