सासऱ्यांची लाल फुली

माझे सासरे रेल्वेच्या लोको शेडमध्ये, म्हणजे इंजिनं दुरुस्त होतात तिथे, फिटर. हाताशी कायम लाल रंगाचा डबा. जो भाग त्यांच्या मते कामातून गेला, त्यावर फुली मारायची, खाली आपल्या खुणेचा पंच ठोकायचा आणि भंगारात टाकायचा. एकदा फुली पडली की ब्रह्मदेवाच्या बापालाही ती पुसता यायची नाही.

घरीही तेच. भिंतीवरचं घड्याळ, सासूबाईंचं शिलाई मशीन आणि मी, अशा तिघांवर फुली होती. लग्नानंतर आठवड्याभरातच मी त्यांच्यासमोर पाना उलटा धरला होता. मी कचेरीत पत्रं लिहिणारा माणूस, माझी नि पान्याची ओळख कुठली?

सात नंबरचं डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. परदेशातल्या कारखान्याने हे मॉडेल खास इतर देशांच्या रेल्वेंना विकायला बनवलेलं, त्यामुळे पाच-सहा देशांत त्याची सख्खी भावंडं. यंदा त्याचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग ताब्यात ठेवणारा भाग, गेला. कारखान्याने मॉडेल कधीच बंद केलेलं. शेडच्या साहेबांनी सांगून टाकलं, दोन महिन्यांत सुरू झालं नाही तर सात नंबर मोडीत.

सासरे माझ्या दारात आले. अडला हरी.

“तुम्हाला पत्रं लिहिता येतात म्हणे,” ते म्हणाले.

मी पाच देशांच्या शेडना पत्रं लिहिली. चौघांनी ब्र काढला नाही. पाचव्या शेडच्या फिटरने कळवलं, आमचं इंजिन मोडीत गेलं, गव्हर्नर ठणठणीत आहे, पाठवतो. मुदतीला तीन दिवस उरले असताना खोकं आलं. आतली इंग्रजी चिठ्ठी वाचायला मला शेडमध्ये बोलावलं.

सासऱ्यांनी गव्हर्नर आडवा केला. तळाला लाल फुली होती, आणि खाली त्यांच्याच पंचाचा ठसा.

चिठ्ठी मला मोठ्याने वाचावी लागली. ‘बाहेरदेशाचं भंगार आणणाऱ्याकडून घेतला होता. एक स्प्रिंग बदलली. अकरा वर्षं बिनतक्रार चालला. फुली कुणी मारली देव जाणे.’

कुणी हसलं नाही, सगळ्यांना त्यांच्याच हाताखाली काम करायचं होतं. मी मात्र पोटभर हसलो. माझ्यावर फुली आधीच होती.

दुपारी सात नंबर सुरू झालं. सासरे डोळे पुसत होते, म्हणाले धूर गेला.

रविवारी त्यांच्या घरी गेलो तर भिंतीवरचं घड्याळ चालू होतं आणि सासूबाई मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होत्या. सासरे मोरीतल्या नळापाशी बसले होते.

“जावईबापू, या इकडे,” म्हणत त्यांनी पाना माझ्या हातात दिला.

मी तो पुन्हा उलटाच धरला.

“असू दे,” ते म्हणाले. “एखादी स्प्रिंग बदलून बघू.”