शालिग्रामभाऊंचा फळा

बऱ्हाणपुरात इतवाऱ्यातल्या एका गल्लीत, शालिग्रामभाऊंच्या ओट्यावर, भिंतीला एक काळा फळा होता. भाऊ कचेरीत नकलनवीस. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे कागद उतरवून काढायचे, आपल्या मनाचा एक काना घालायची सोय नाही. म्हणून कामावर निघण्याआधी ते फळ्यावर आपलं लिहीत. सुविचार नव्हेत हो, सुविचारांचा त्यांना मनापासून कंटाळा. 'काल जैनाबादच्या नावेत एका म्हातारीला जागा दिली नाही, अजून लाज वाटते आहे,' असलं काहीतरी. लोक थांबून वाचत, हसत, प्रसंगी भांडतसुद्धा.

पंचावन्न साली त्यांची बायको कोकिळा तापाने गेली. तिच्या दहाव्याची खबर शेजाऱ्यांनी त्याच फळ्यावर लिहिली, कारण गल्लीत फळा तेवढाच. महिन्याभराने कोणाचे आजोबा गेले, ती खबरही तिथंच. मग पायंडाच पडला. भाऊंनी कोणाला नको म्हटलं नाही. त्यांच्याजवळ तरी लिहायला काय उरलं होतं? पुढे पुढे तर त्या फळ्यावर ताजा खडू दिसला की बाया डोक्यावर पदर घेत आणि काही अतिशहाणे न वाचताच घरी आंघोळीचं पाणी काढायला सांगत.

छप्पन्नच्या नोव्हेंबरात नवी राज्यं झाली. नागपूर-वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, बऱ्हाणपूर मध्यप्रदेशातच राहिलं. नागपूरला जाणारे कागद भोपाळला जाऊ लागले. अधूनमधून मराठी अर्ज यायचे, तेही थांबले. रोज फळा वाचून चुका काढणारा, कचेरीतला सोबती वामन बदली मागून अकोल्याला गेला. जाताना म्हणाला, "तूही चल. इथं तुझं वाचणार कोण?" भाऊ गेले नाहीत. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कचेरीत कामाशिवाय कोणी बोलेना, आणि घरी बोलायला माणूस नाही. एका संध्याकाळी त्यांनी आपलंच नाव मोठ्याने घेऊन पाहिलं. आवाज परक्याचा वाटला. ते फार घाबरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फळ्यावरची तीन आठवड्यांची शिळी खबर पुसली आणि खडू हातात घेतला. अक्षर अजून सुरेख होतं, पण सांगायचं काय? आपलं रडगाणं कोणाला हवं आहे? दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. शेवटी मनाचा हिय्या करून लिहिलं: 'आज चहात मीठ पडलं. दोन्ही डबे सारखेच आहेत. कोणता कुठला, ते कोकिळेला ठाऊक होतं. मी तसाच प्यालो.'

मग ते दारात उभे राहिले. पहिला माणूस आला, त्याने लांबूनच टोपी काढली, हात जोडले आणि पुढे गेला. त्याच्यामागून किराणावाले भाईदास आले. फळ्याकडे अर्धी नजर टाकून त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, कितने बजे उठाना है?"

"कोणी गेलं नाही," भाऊ एवढंच कसंबसं म्हणाले. भाईदास ओशाळून निघून गेले. भाऊंनी फडकं उचललं. आता पुसायचं, आणि पुन्हा या भानगडीत पडायचं नाही.

तेवढ्यात शेजारची भागाबाई पदर सावरत ओट्याशी आली. तिला अक्षरओळख नव्हती.

"कोन गेलं हो भाऊ?"

"कोणी नाही."

"मंग हे काय लिहेल आहे?"

भाऊंनी वाचून दाखवलं.

"इतकंच?"

"इतकंच."

"कोनी मेलं नाही, तर लिहिलं कशाले?"

किती दिवसांनी भाऊंना कोणी त्यांच्या मनातलं काही विचारत होतं.

"मी मरू नये म्हणून, भागाबाई."

भागाबाईने त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि ओट्यावर बसली.

"पयल्यापासून वाचा," ती म्हणाली. "सावकाश."