पुलावर ‘काका’ म्हणू नये

१९८६ सालच्या मार्चमध्ये, स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीतल्या पहिल्या शनिवारी, भर दुपारी, टेक्ससमधल्या सीमेवरच्या एका पुलाच्या टोकाशी माझ्या काकांचं उजवं मनगट मोडण्यात आलं. मोडलं नाही, मोडण्यात आलं. आपल्या लोकांत हा विषय निघाला की सगळे ‘त्यांचा हात मोडला’ असं म्हणतात, जणू हात म्हणजे कपाचा कान, विसळता विसळता निखळून आला. मोडणारा माणूस होता. त्याच्या अंगावर गणवेश होता, छातीवर बिल्ला होता आणि हातात दांडा होता.

काका माझे सख्खे नव्हेत, वडिलांचे कॉलेजातले मित्र. जन्म साताऱ्याचा, शिक्षण पुण्याचं, मग अमेरिका. बॉयलरचे इंजिनिअर. एडिसनला घर, खिशात अमेरिकन पासपोर्ट. काकू गेल्यावर घरात उरले ते आणि मुलगा. मुलगा मेक्सिकोतल्या एका मुलीच्या प्रेमात पडला, तिच्या गावी जाऊन शाळेत शिकवायला लागला आणि लग्न करतो म्हणाला. काका फोनवर म्हणाले, कर, आणि बाप मेला असं समज. त्यानंतर दोन वर्षं बोलणं बंद. त्या फेब्रुवारीत काकांनीच फोन केला, लग्नाला येतो म्हणाले. मुलाने उलट एकच शब्द विचारला, “प्रॉमिस?” काकांनी हो म्हटलं. लग्न रविवारी सकाळी चर्चमध्ये होतं, आणि सीमेपलीकडच्या स्टँडवरून तिथे जायला शनिवारी दुपारची बस धरणं भाग होतं.

मी टेक्ससमध्ये एम.एस. करत होतो. वराकडचा दुसरा माणूस म्हणून काकांनी मला बरोबर घेतलं. माझ्या भारतीय पासपोर्टवर मी आधीच मेक्सिकोच्या वकिलातीत उभा राहून व्हिसा घेतला होता. काकांबद्दल तिथे विचारलं तेव्हा कळलं की अमेरिकन नागरिकाला त्याची गरज नाही, आत जायचं तर टुरिस्ट परमिट लागतं आणि ते पूल ओलांडला की खिडकीवर लगेच मिळतं. माझ्या गाडीचा इन्शुरन्स पलीकडे चालत नव्हता, म्हणून गाडी अलीकडे लावली. आता पायी.

पार्किंगमध्ये आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी भेटल्या. गणपतीत यांच्या घरी मी कितीदा जेवलो आहे. ते पलीकडे चांदी आणि ब्लँकेटं घ्यायला निघाले होते. डॉक्टर म्हणाले, “काय हो, मुलाच्या लग्नाला पायी? घोडा नाही मिळाला?”

“घोडा नवऱ्या मुलाला,” काका म्हणाले. “बापाला पाय आहेत.”

काकांच्या हँडबॅगेत स्टीलचा एक छोटा डबा होता. त्यात अक्षता. एडिसनहून कुंकू लावून, वाळवून आणलेल्या. चर्चमध्ये अक्षता कोण टाकू देणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, मी टाकणार, मंगलाष्टकं मनातल्या मनात म्हणेन, पाद्र्याला काय कळतंय.

पायी सीमा ओलांडणाऱ्याला कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट आहे, ती इथे सांगतो. जाताना तुम्हाला कुणीच अडवत नाही. खाली कालव्यात कोंबलेली नदी, वर जाळी, त्या जाळीतून माणसांचा लोंढा जातो, आणि पलीकडे बंदूक लटकवलेला एक सैनिक जांभई देत असतो. परमिटची खिडकी बाजूला, एका दाराआड असते. ज्याला गावातच फिरायचं आहे त्याला परमिट लागत नाही. ज्याला आत जायचं आहे त्याने आपणहून जाऊन मागायचं. आता आपली सवय काय? सरकारला आपण लागत असू तर सरकार आपल्याला धरतं. आपणहून सरकारच्या दारात कोण जातं? काका म्हणाले, ज्याला अडवायचं तो अडवेल. कुणी अडवलं नाही. आम्ही चालत चालत थेट बसस्टँडवर.

तिकीट देणाऱ्याने काकांचा पासपोर्ट उलटसुलट पाहिला, परमिट मागितलं, नाही म्हटल्यावर पुलाकडे बोट केलं. बस सुटायला वेळ होता. आम्ही पळत सुटलो आणि दिसला तो पूल चढलो. त्या गावात पूल दोन आहेत. एक जायचा, एक यायचा. आम्ही यायच्या पुलावर होतो, आणि त्या पुलाच्या शेवटी परमिटची खिडकी नसते, अमेरिका असते.

रांग लांब होती. आमच्या पुढे टोपी घातलेला एक तरुण मजूर होता. त्याला अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं, त्याचं उत्तर आवडलं नाही, तर कॉलर धरून त्याचं तोंड लोखंडी कठड्यावर आपटलं. आपटलं म्हणजे आपटलं, आवाज आला. दोघांनी त्याला काखेत धरून आत ओढत नेलं, त्याची टोपी तिथेच राहिली. रांग एक पाऊल पुढे सरकली. लोक त्या टोपीला वळसा घालून चालत होते.

काका पुढे झाले आणि त्यांनी त्यांच्या नेहमीच्या सभ्य इंग्रजीत विचारलं, मेक्सिकोचं टुरिस्ट परमिट कुठे मिळेल? अमेरिकेत शिरण्याच्या दारात उभं राहून मेक्सिकोचं परमिट. अधिकाऱ्याला वाटलं, हा माणूस चेष्टा करतोय. नागरिक का? हो. जन्म कुठला? सातारा. तो म्हणाला, हे सातारा कुठे आहे, ड्रग विकतात तिथे? मागचा दुसरा अधिकारी हसला. काकांनी पासपोर्ट दिला, तो न उघडता त्याने काउंटरवर फेकला आणि बॅग ओतली.

धोतर-उपरणं, रुमाल, औषधाच्या गोळ्या, डबा. डबा त्याने उघडला. लालभडक तांदूळ पाहून त्याचे डोळे चमकले. हे काय? काका म्हणाले, राइस. लग्नासाठी. त्याने बोटाने ढवळलं, वास घेतला आणि सगळा डबा फरशीवर उपडा केला. मग बुटाने ते दाणे चुरडले, आत काही लपवलंय का ते बघायला.

काका खाली वाकले. विचार करून नाही. अक्षता पायाखाली आल्या की आपलं माणूस वाकतंच. त्यांचा हात त्या बुटाच्या शेजारी गेला, आणि मागच्या अधिकाऱ्याचा हात कमरेच्या दांड्याकडे गेला. मला ते दिसलं. मी ओरडलो, “काका! काका, उठा!” आणि मागे वळलो, कारण रांगेत चार माणसं सोडून डॉक्टर उभे होते, हातात ब्लँकेटांचं गाठोडं. मी त्यांना हाक मारली. “डॉक्टरकाका, सांगा ना यांना.”

डॉक्टर भिंतीवरची पाटी वाचायला लागले. फळं आणि झाडं देशात आणण्यास मनाई आहे, अशी ती पाटी होती. त्यांच्या पत्नी पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

तो मागचा अधिकारी माझ्याकडे वळला. मला काय म्हणालास, असं त्याने विचारलं. मी परत सांगितलं, काका. त्याने दांडा माझ्या कानावर हाणला. मी पडलो, त्याने बरगड्यांत लाथ घातली, मग दुसरी. त्याने पुन्हा दांडा उचलला तेव्हा काका मधे आले. बासष्ट वर्षांचा माणूस, चष्मा कपाळावर चढलेला, आणि उजवा हात आडवा धरलेला. तो दांडा त्या हातावर बसला. मग हात पिरगाळून पाठीमागे नेला आणि काकांचा गाल काउंटरवर दाबून धरला. हाडाचा आवाज मी जमिनीवरून ऐकला. काका ओरडले नाहीत. त्यांच्या तोंडून फक्त “अहो” एवढंच आलं. हाड मोडणाऱ्या माणसाला ते ‘अहो’ म्हणाले.

आम्हाला आत नेलं. तिथे बाकावर तो टोपीवाला मजूर बसला होता. ओठ फाटलेला, शर्ट रक्ताने चिकटलेला. भिंतीपलीकडून कुणाला तरी मारल्याचे आवाज येत होते. त्याने मोडक्या इंग्रजीत मला विचारलं, “तू त्याला गू का म्हणालास?”

मला कळेना. त्याने समजावलं. स्पॅनिशमध्ये काका म्हणजे गू. लहान मुलं म्हणतात. त्या गावात प्रत्येकाला स्पॅनिश येतं, बिल्लेवाल्यालाही. मी भर रांगेत, सगळ्यांसमोर, पुन्हा पुन्हा, वर दाद मागितल्याच्या सुरात गू, गू असं ओरडलो होतो. मजुराला हसू आलं आणि हसताना त्याचा ओठ पुन्हा फाटला. काकांनी डाव्या हाताने आपला रुमाल त्याला दिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “वीस वर्षं तू मला हेच म्हणतोयस होय?”

त्यांनी मग घड्याळ पाहिलं. दुपारची बस गेली होती.

सोडलं तेव्हा उन्हं कलली होती. माफी नाही, कारण नाही. काकांचा पासपोर्ट कुणीतरी शेवटी उघडला असणार, त्याखेरीज सोडलं नसतं. मी म्हटलं, आधी हॉस्पिटल. मनगट फुगून काळंनिळं झालं होतं. काका म्हणाले, “प्रॉमिस केलंय मी.” आणि जायच्या पुलाकडे चालायला लागले.

या वेळी आम्ही खिडकी शोधली. टेबलामागे एक पोक्त बाई होती, तिने पासपोर्ट पाहिला, परमिट टाइप केलं आणि सहीसाठी पुढे सरकवलं. काकांची बोटं पेन धरेनात. मी पटकन म्हणालो, “काका, डाव्या हाताने करा.” आणि जीभ चावली. बाईने मान वर केली. मी खुणा करून, चार शब्द जुळवून सांगितलं, काका म्हणजे वडिलांचा भाऊ. ती आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की डोळे पुसायला लागली. तिने शाईचं पॅड काढलं, काकांचा डावा अंगठा धरून हळूच परमिटवर टेकवला. टेबलावरची लाकडी पट्टी घेऊन, गळ्यातला स्कार्फ सोडून, मनगट बांधून दिलं. वर म्हणाली, जा, काका.

या बाईला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता का? जो अर्थ त्या बिल्लेवाल्याला ठाऊक होता तोच हिलाही होता. हिने नाही मारलं. तेव्हा शब्दामुळे मार पडला, हे मला कुणी ऐकवू नये. मारायला हात आधीच शिवशिवत होते. दांड्याकडे हात आधी गेला, मी हाक नंतर मारली.

पुढची बस धरून आम्ही पोचलो तेव्हा रविवारची दुपार होती. चर्चच्या अंगणात खुर्च्या एकावर एक रचल्या जात होत्या. पायऱ्यांवर तांदूळ पडलेले होते, पांढरे. तिकडेही टाकतात, हे आम्हाला माहीत नव्हतं. मुलीच्या घरच्यांनी वरबापासाठी पाद्र्याला बराच वेळ थांबवून ठेवलं होतं. शेवटी मुलानेच सांगितलं होतं, सुरू करा, ते येणार नाहीत, त्यांचं असंच असतं.

मुलगा समोर आला. त्याने काकांचा सुजलेला गाल पाहिला, स्कार्फमधला हात पाहिला. “हू डिड धिस, बाबा?”

काका म्हणाले, “पडलो.”

सुनेसमोर, व्याह्यांसमोर, लग्नाच्या दिवशी पडलो म्हणाले. मग वाकून, डाव्या हाताने पायरीवरचे थोडे पांढरे तांदूळ उचलले आणि दोघांच्या डोक्यावर टाकले. ओठ हलत होते. मंगलाष्टकं असावीत.

मी परत येऊन तक्रार केली. उत्तर आलं की अधिकाऱ्याला उद्देशून स्पॅनिशमध्ये अश्लील शब्द वापरण्यात आला, त्यामुळे बळाचा वापर योग्य होता. ठीक, त्यांच्याकडून हेच येणार होतं. पण आपल्याकडून काय आलं? मंडळाच्या वार्तापत्रात, उन्हाळी सहलीच्या सूचनांमध्ये, टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवावी याच्या खाली एक ओळ छापून आली. ‘एका अनुभवी सभासदाकडून: पुलावर मोठ्यांना “काका” म्हणू नये, “अंकल” म्हणावे.’ अनुभवी सभासद कोण ते मी सांगत नाही. त्यांनी ब्लँकेटं सुखरूप घरी नेली.

म्हणजे दांडा चुकला नाही, हाक चुकली. मार खाणाऱ्याने भाषा बदलायची, आणि बघणाऱ्याने पाटी वाचायची.

काकांना विचारून हे लिहितो आहे. लिही म्हणाले, नावं घालू नकोस. हात नीट जुळला नाही, सही आता डाव्या हाताने करतात. मुलाला खरं काय ते अजून माहीत नाही. त्याला मराठी वाचता येत नाही, हे कुणी वाचून दाखवलं तरच कळेल.

तुमच्याकडे ते वार्तापत्र असेल. आत्ता काढा आणि ती ओळ खोडा. आणि पुढच्या वेळी एखाद्या पुलावर, विमानतळावर, कुठल्याही रांगेत, मागून कुणी मराठी पोर ‘काका’ म्हणून हाक मारेल, तेव्हा हातातलं गाठोडं खाली ठेवा, रांग सोडून पुढे या आणि त्या बिल्लेवाल्याला ऐकू जाईल अशी ओ द्या.