बंद रेघेचं फाटक

अम्मांच्या अंगणात फाटक जमिनीवर निजलेलं होतं, ते मला अजून दिसतं. आधी नुसती खडूची पांढरी रेघ, मग तिच्यावर एकेक करून येऊन पहुडलेलं काळं लोखंड.

आम्ही तेव्हा तिकडे उत्तरेत, बख्शी का तालाबला राहायचो. हे एअरफोर्समध्ये. आत क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून बाहेर अम्मांची मागची खोली भाड्याने घेतलेली. अम्मा म्हणजे आमच्या घरमालकीण. एकट्याच राहायच्या. त्यांचा एक नियम सगळ्या गल्लीला ठाऊक होता, भाडेकरूला वर्ष पुरं होऊ द्यायचं नाही. आमच्या आधीची सगळी बिऱ्हाडं वर्षाच्या आतच सामान बांधून गेलेली. आणि आमचं वर्ष भरत आलं होतं.

मुलगी नुकती रांगायला लागलेली. तिला गोवर आला तेव्हा अम्मांनीच कडुनिंबाचा पाला आणून तिच्या उशाशी ठेवला होता. माझं माहेर साताऱ्याकडे, इतकं लांब की आईला कळेपर्यंत गोवर उतरूनही गेला. अम्मांचे उपकार मनात मोजायला लागले की मला उलट भीतीच वाटायची. इतकं मिळालंय, ते किती दिवस राहील? माझी शाळा सातवीतच सुटलेली. उद्या जा म्हणाल्या, तर हिंदीत काय बोलावं तेही सुचलं नसतं.

येत होती ती रांगोळी. रोज सकाळी खोलीच्या दारात काढायची. एक दिवस अम्मा तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यही फाटक पर चाहिए हमें। लोहे में।"

रस्त्यापलीकडे लोहारचाचांची भट्टी होती. अम्मांनी त्यांना हाक मारून एवढंच सांगितलं, "जो बिटिया बनाए, वही बना दो।"

चाचांची पद्धत कागदावरची नव्हती. जेवढं काम तेवढंच मोठं चित्र, खाली फरशीवर. तापलेली सळी वाकवायची, आणून रेघेवर ठेवायची, जुळली नाही की परत भट्टीत. मी अंगणात फाटकाच्या मापाचा चौकोन आखला आणि खडू घेऊन बसले. आमच्याकडे रांगोळीची रेघ उघडी सोडत नाहीत. जिथून निघाली तिथे परत येऊन मिटली पाहिजे. मधे कमळ, त्याच्या पाकळ्यांतून निघालेले वेल, ते चारी कोपऱ्यांत वळून पुन्हा कमळात. काढताना दुपार कशी सरली, कळलंच नाही.

मग कितीतरी दुपारी तशाच गेल्या. पलीकडून हातोड्याचा आवाज यायचा, मुलगी त्या ठेक्यावर पेंगायची. लोखंड लाल झालं की इतकं मऊ, इतकं आज्ञाधारक वाटायचं, की वाटे हातानेच वळेल. चाचा सांडशीत धरून वेल आणायचे. तो रेघेवर टेकला की खडूचा वास उठायचा, जरासा जळका. माझं बोट जिथून फिरलं होतं, तिथूनच ते वजनदार लोखंड फिरायचं. मी बघत राहायची. आपण हे घर सोडून गेलो तरी हे इथेच राहील, असं वाटून बरं वाटायचं, आणि मग मी आमचे राहिलेले दिवस मोजायची.

सगळे तुकडे जागेवर आले, चाचा जोडायला बसले. अम्मा चहा घेऊन आल्या, आणि बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अरे भई, ये खुलेगा कहाँ से?"

चाचांनी मान वर केली. "खुलेगा? हम तो समझे जाली है।"

"जाली! हमने फाटक कहा था।"

"आपने कहा, जो बिटिया बनाए। बिटिया ने बीच में जगह छोड़ी ही नहीं। दो पल्ले करें तो कमल बीच से कटेगा, बेल सब खुल जाएगी।"

दोघंही माझ्याकडे वळले. गावाकडे आमच्या घराला फाटक कधी नव्हतंच. मी आयुष्यात उंबऱ्यापुढेच रेघा काढलेल्या, आणि उंबरा काही मधोमध उघडत नाही. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "अम्मा, गलती हो गई।" कानशिलं तापली. आता नियमाला निमित्तही मिळालं, एवढंच मनात.

अम्मा वाकून कमळाभोवती एक फेरी मारून आल्या. मग घरामागे गेल्या. आमच्या खोलीपुढे व्हरांडा होता, यायजायचं दार बाजूला, पण समोरून सगळा उघडा. माकडं आत शिरायची, म्हणून मी भर उन्हाळ्यात खोलीचं दार लावून बसायची. अम्मांनी तिथे हाताने माप घेतलं.

"काटना मत। इधर लगा दो।"

चाचा हसले. "किरायेदार के लिए इतना महँगा काम, अम्मा? ये लोग तो चले जाएँगे।"

"कौन जा रहा है?" अम्मा इतक्या तडकून म्हणाल्या की चाचांच्या हातातला कप हिंदकळला. "बच्ची गर्मी में मर रही है अंदर। तुम अपना काम करो।"

संध्याकाळी हे ड्युटीवरून आले, तर जाळी व्हरांड्याला बसत होती. यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "म्हणजे आपण राहायचं?"

"तसं काही म्हणाल्या नाहीत."

"मग काय म्हणाल्या?"

"'कौन जा रहा है' म्हणाल्या."

हे बूट काढता काढता एकटेच हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी चाचा काळा रंग मारून गेले. मी पहिल्यांदा खोलीचं दार सताड उघडलं. बाहेरची हवा थेट आत आली, पेरूच्या पानांचा वास घेऊन. मुलगी रांगत सरळ जाळीकडे निघाली. रंग ओला होता. मी तिला उचलून मांडीत घेतलं, आणि रंग वाळेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.