हेडरचे बोल्ट

परदेशातल्या पापाटोएटो ह्या उपनगरात, स्टेशनामागे धैर्यशील मोहित्यांचं घर आहे. बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता निवृत्त. बायको, विभावरी, गेल्यापासून घरात बोलणारा काय तो रेडिओ. मुलगी लांबच्या गावी, पोरिरुआला. ती रविवारी फोन करते. नातवाला मराठी कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. बाकी आठवडा शनिवारची वाट बघण्यात जायचा. शनिवारी कुशल यायचा.

कुशल पुण्याचा, आयटीतला, राहायला त्याच शहरात, बॉटनी डाउन्सला. चाळिशीत त्याला जुन्या अमेरिकन गाड्यांचं वेड लागलं आणि त्याने एक जुनी मस्टँग घेतली. त्याच्याकडे ना हत्यारं, ना जागा. गाडी मोहित्यांच्या गॅरेजमध्ये उभी राहिली. इंजिनाचा धूर बाहेर नेणारे नवे नळ, म्हणजे हेडर, बसवायचे तेवढे राहिले होते.

चांगली वस्तू टाकायची नाही, ही दोघांचीही सवय. जुनेच बोल्ट धुऊन घेतले. मोहित्यांनी एक कसला. पाना अडला, बोल्ट घट्ट लागला. पण हेडर हाताने हलवला तर हलत होता.

"हे काय काका?"

"जुना भाग बिडाचा, जाड. ह्याची पट्टी पातळ. बोल्ट भोकाच्या तळाला टेकतोय, पट्टीला धरतच नाही. आखूड हवेत. डोकंही लहान हवं, नाहीतर दोन नळांमध्ये पाना शिरायचा नाही."

पुढच्या शनिवारी कुशलने दोन पाकिटं आणली. एकात साधे आखूड बोल्ट. दुसऱ्यात लॉकवाले, त्यांच्या डोक्यावर पत्र्याची पट्टी बसते, ती शेजारच्या नळाला अडते, वर क्लिप. मग बोल्ट फिरूच शकत नाही. साधे मात्र तापून, थंड होऊन सैल पडतात. अधूनमधून कसावे लागतात.

"कुठले लावू?"

मोहित्यांनी साध्यांचं पाकीट उचललं. "हेही चालतात. पुष्कळ जण हेच लावतात." खोटं काही नव्हतं.

"आणि सैल झाले तर?"

"घेऊन यायचं. मी कसून देईन."

कुशल हसला. "सिद्धी मला घराबाहेर काढेल. कालच म्हणाली, त्या मस्टँगशीच लग्न करायचं होतंस. पोरगी विचारते, डॅड स्विमिंगला का येत नाही. पण तुम्ही म्हणाल तसं, काका."

मोहिते पाकीट हातात धरून उभे राहिले. साधे लावले की हा येत राहणार. चहा होणार, बोलणं होणार. आणि काम? काम वरवर बरं, आतून कच्चं. असं काम त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं.

"लॉकवाले काढ," ते म्हणाले.

आटे साफ केले, वंगण लावलं, बोल्ट कसले. इंजिन चालवून तापवलं. आता ते पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा कसायचं आणि मगच क्लिप बसवायच्या. तोवर चहा झाला. कुशल ऑफिसातल्या गमती सांगत होता. मोहिते मधूनच उठत, इंजिनाला हात लावून बघत. तिसऱ्यांदा लोखंड गार लागलं. अजून थोडा वेळ बसता आलं असतं. कुशलला काय कळणार होतं? मोहित्यांनी कप खाली ठेवला आणि पाना घेतला.

मागचा बोल्ट सगळ्यात अवघड. गाडीखाली आडवं पडून, बोटं सोलून घेऊन त्यांनी तो कसला. क्लिप बसवली, नखाने ओढून पाहिली.

"आता परत कसायला नको ना?" कुशलने विचारलं.

"नको."

"स्वीट ॲज! एकदम मस्त! काका, या ना आमच्याकडे जेवायला. खरंच या."

"येईन."

कधी, हा विषय कुणीच काढला नाही. गाडी गुरगुरत गल्लीबाहेर पडली. मोहित्यांनी जमीन पुसली, पाने जागेवर लावले. दुपार अजून बरीच शिल्लक होती.