हातावर डाग नव्हते

छापखान्यात सगळे त्याला दादा म्हणत, मालकसुद्धा. ऑफसेट मशीनवर त्याची उमर गेली. रंग बदलायचा झाला की सॉल्व्हंटमध्ये चिंधी बुचकळायची आणि कोपरापर्यंत हात घालून रोलर पुसायचे. नव्या माणसाचं त्या वासाने डोकं भणभणायचं. दादाला तो येईनासाच झाला होता.

कमरेखाली लालसर चट्टे उठले ते त्याने लाजेपोटी लपवले. मग एका डॉक्टरने गजकर्ण म्हणून मलम दिलं, दुसऱ्याने इसब म्हणून. चट्टे मांड्यांवरून पोटावर चढले. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात कातडीचा तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं, हा कातडीतला लिम्फोमा आहे. कॅन्सरच, पण क्वचित होणारा आणि बहुतेकदा फार हळू चालणारा.

"कशाने झाला?" दादाने विचारलं.

"नक्की कुणालाच माहीत नाही. कुणाला विषाणूचा संशय आहे, कुणाला कातडीवरच्या जंतूंचा, कुणाला कामावरच्या रसायनांचा. सिद्ध काहीच झालेलं नाही. पण एकाचा दुसऱ्याला लागत नाही."

"कशाने होतो ते माहीत नाही, मग लागत नाही हे कसं माहीत?" बायको म्हणाली.

"सोबत राहणाऱ्यांना होताना दिसत नाही, म्हणून."

बायकोने मान डोलावली. घरी आल्यावर मात्र तिने त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं, टॉवेल वेगळा केला. मुलगी माहेरी आली की बाळ त्याच्याकडे देईना. "थोडे दिवस, बाबा," म्हणायची आणि बाळाला दुसऱ्या कडेवर घ्यायची. डॉक्टरीणबाईंच्या एवढ्या बोलण्यातला विषाणू तेवढा घराने उचलला होता.

दादाने छापखान्यात रसायनाचा विषय काढला, तेव्हा मालकाने त्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"एक तरी डाग आहे का? सॉल्व्हंटने झालं असतं तर आधी इथे झालं असतं. तुला कुठला तरी जंतू चावलाय, दादा."

पुढच्या खेपेला दादाने तेच डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"हा आजार बहुधा कपड्यांखालच्या कातडीवरच सुरू होतो," त्या म्हणाल्या. "तेवढ्यावरून मालक बरोबर ठरत नाहीत. पण तुम्हीही ठरत नाही."

मालकाने गुपचूप हातमोजे आणले, भिंतीत मोठा पंखा बसवून घेतला. त्याचा दादाच्या आजाराशी काही संबंध नाही, हे चहा पिताना आपणहून सांगितलं.

दादा हॉस्पिटलातल्या अतिनील किरणांच्या दिव्यांच्या कपाटात उघडाबंब उभा राहून उपचार घेत होता. चट्टे फिके पडत गेले. ते त्याने घरी सांगितलं.

"बरं झालं," बायको लांबूनच म्हणाली.

"मी मेलो असतो तर गळ्यात पडून रडली असतीस," दादा म्हणाला. "तेव्हा चाललं असतं."

"असं अभद्र बोलू नये," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली.

दादा अजून बाहेरच्या खोलीतच झोपतो.