मी डॉक्टरीण होते तेव्हा

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी डॉक्टरीण झाले. शिक्षण सातवी, अनुभव एका गुडघ्याचा. गुडघाही माझाच. तो बदलला तेव्हा दवाखान्यानं दुखण्याच्या जालीम गोळ्यांच्या इतक्या पट्ट्या हातात दिल्या, की दुखणं संपलं तरी गोळ्या संपेनात. त्या मी बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या आणि गल्लीत दवाखाना थाटला. कुणाची कंबर धरली, कुणाची दाढ ठणकली, की हाक यायची, "वैनी, ती तुमची गोळी द्या की!" मी द्यायची. वर पथ्यही सांगायची, वांगं खाऊ नका म्हणून. वांग्याचा काय संबंध, ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

आमचं गाव कुरुंदवाडजवळ. दारात सहा म्हशी. त्या दिवशी सकाळी धाकट्या दिरानं कुट्टी मशीनमध्ये मक्याची पेंढी सारली, आणि पेंढीबरोबर त्याचा उजवा हातही आत गेला. मोटर बंद करेपर्यंत पातं फिरायचं तेवढं फिरलं. हिरव्या चाऱ्याचा लाल चिखल झाला. तो असा ओरडला, की एका म्हशीनं दावं तोडलं. त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ, हिनं अंगावरच्या साडीचा पदर टराटरा फाडला आणि तो चेंदामेंदा गुंडाळला. मी काय केलं? डबा आणला.

पुतण्या, म्हणजे दिराचा लेक, गाडी हाणत होता. जाऊ पुढं बसलेली. मागं दीर खिडकीवर डोकं आपटत होता आणि मशीन बनवणाऱ्याच्या सात पिढ्या काढत होता. मी त्याचा जबडा धरला आणि चार गोळ्या कोंबल्या. झोप लागली तर बरं, म्हणून माझी झोपेची एक वर. कोल्हापूर जवळ आलं तसं त्याचं ओरडणं तुटक झालं. मधेच मान टाकायचा, खड्डा आला की किंचाळायचा. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. काय ती बाई हुशार!

अपघात विभागात डॉक्टरीण होती ती माझ्या लेकीपेक्षा लहान. तिनं दिराच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्यात," ती नर्सला म्हणाली. मग आमच्याकडं वळली. "वाटेत काही दिलंय का? गोळी, दारू, काहीही?"

"काय बी न्हाय," मी म्हणाले.

"नक्की ना, आजी?"

आजी! अठ्ठावन्नाव्या वर्षी! माझं डोकंच फिरलं. शिवाय मोटारसायकलींवरून गावची दहा-बारा माणसं मागोमाग आलेली. निम्म्यांनी माझ्याच गोळ्या खाल्लेल्या. त्यांच्यासमोर मी कशाला कबूल करते?

"मला शंका येतेय," ती म्हणाली. "जोराचं इंजेक्शन आत्ता नाही देणार. गुंगीवर गुंगी चढली तर श्वास थांबेल. काखेत सुई देऊन तेवढा हातच बधिर करते."

"काखंत?" पुतण्या गरजला. "हात तुटलाय त्येचा, काख न्हाय!"

"शिरेत द्या की ओ मॅडम!" मागनं गाववाले ओरडायला लागले.

"माणूस मरायलाय आन् ही प्रश्न इचारतीया!"

कुणीतरी दाराच्या काचेवर लाथ घातली. काच खळकन खाली आली. नर्सच्या हातातला ट्रे उडाला. पुतण्यानं सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला. आणि मी? मी सगळ्यांत पुढं. "दे इंजेक्शन, सटवे!" म्हणून मीच तिला ढकललं. गर्दीनं नव्हे, मी. तिचं कपाळ कॉटच्या कडेवर आपटलं आणि भुवईवरून रक्ताची धार लागली.

ती उठली. आमच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. दिराच्या छातीवर हात ठेवून वाकली. तो घोरत होता. एक घोरणं. मग काहीच नाही. मग कुठूनतरी खोलातून दुसरं. मग पुन्हा काहीच नाही. ओठ जांभळे पडायला लागले.

"दादा, श्वास घ्या!" तिनं त्याच्या छातीवर मूठ रगडली. तोंडावर मास्क दाबून पिशवीनं हवा भरायला लागली. "काय दिलंय ते सांगा कुणीतरी!"

पुतण्याचा स्टँड तिच्या डोक्यावर उगारलेला होता.

"मी दिल्या," मी म्हणाले. एरवी माझा आवाज तीन गल्ल्यांपलीकडं जातो, तेव्हा उंदरासारखा निघाला. "दुखायच्या चार. झोपंची एक." डबा काढून पुढं धरला.

पुतण्याचा हात वरच राहिला. आता हाणायचं कुणाला, ते त्याला कळेना. जावेला कळलं. तिनं अशी मुस्काटात दिली, की माझा चष्मा कॉटखाली गेला. मग अंबाडा धरून मला भिंतीवर आपटलं. "माझ्या मालकाला मारलंस, अक्का! आन् वर त्या पोरीला हाणतीस?" मी हात वर केला नाही. काय म्हणून करायचा?

तिकडं डॉक्टरीण बाहीनं डोळ्यातलं रक्त पुसत शिरेत उताऱ्याचं औषध सोडत होती. थोडं थोडं, त्याच्या छातीकडं बघत. मला वाटलेलं, माणूस झोपेतून उठावा तसा अलगद उठेल. पण उतारा म्हणजे गुंगी उतरली तशी गोळ्यांनी झाकलेली कळही उघडी पडली. दीर डोळे फाडून उठला, बैलासारखा हंबरला आणि त्यानं दोन्ही पाय झाडले. तोवर जावेनं मला भिंतीपासून ओढत त्याच्या पायांशीच रेटलेलं. एक लाथ थेट माझ्या तोंडावर बसली.

"कुणी धरलंय रं मला? सोडा भाड्यांनो! आई गं, माझा हात!"

जावेनं माझा अंबाडा सोडला. "शिव्या देतोय!" ती रडायला लागली. "अक्का, शिव्या देतोय की गं!"

मी पुढचा दात तळहातावर थुंकला. "दे बाबा, आणिक दे," मी म्हणाले. "श्वास तेवढा घेत ऱ्हा."